शिक्षणशास्त्राच्या संशोधकाचे प्रकाशनकार्य आणि सायटेशन कसे मोजावे

स्थाननिश्चितीचा (पदोन्नतीचा) अर्ज, पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यतेचा प्रस्ताव किंवा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीचा अहवाल यांपैकी काहीही समोर आले की अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक प्रश्न हमखास येतो : ‘मॅडमचा एच-इंडेक्स किती?’ लेखांचे दाखले, म्हणजे सायटेशन, इतरांच्या लेखनात किती आले यावरून काढलेला हा एक आकडा. विचारणाऱ्याला तेवढाच हवा असतो आणि गूगल स्कॉलर या संशोधनपर लेखनाच्या मोफत शोधयंत्रावर तो अर्ध्या मिनिटात सापडतोही. मात्र तो कोणत्या लेखांवरून निघाला, त्यांतले कोणते लेख दुसऱ्याच कोणाचे आहेत आणि कोणते सुटले आहेत, याचे उत्तर फाईलमध्ये नसेल तर समितीतल्या पहिल्याच चिकित्सक सदस्यापुढे आपली पंचाईत होते. पुण्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळताना मी अशा बऱ्याच फायली तयार केल्या आहेत. त्या कामाचा बराचसा वेळ यादी शुद्ध करण्यात जातो. गणित शेवटच्या अर्ध्या तासाचे असते.

सुरुवातीच्या काळात मी एका प्राध्यापकांचा आकडा तारीख न लिहिताच पुढे पाठवला होता. तीन आठवड्यांनी समितीने तो ताडून पाहिला तेव्हा एकूण सायटेशनची संख्या चक्क कमी भरली, कारण दरम्यान गूगल स्कॉलरने काही दुबार नोंदी काढून टाकल्या होत्या. सरांना उगाच खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून आकड्याच्या शेजारी त्याचा स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहिल्याशिवाय मी कोणताही कागद पुढे जाऊ देत नाही.

आधी नाव

पहिले काम शोधाचे नसून नावाचे आहे. आपल्याकडे एकाच व्यक्तीचे नाव किती प्रकारांनी छापले जाते याचा अंदाज प्रत्यक्ष यादी हाती घेतल्याशिवाय येत नाही. आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घेतले की पतीच्या, रोमन लिपीत नावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्त की कमी, या प्रत्येक फरकानुसार संगणक वेगळा माणूस समजतो. लग्नापूर्वी एम.एड.चा शोधनिबंध एका आडनावाने, पीएच.डी. दुसऱ्या आडनावाने आणि पुढचे लेख दोन्ही आडनावे जोडून, अशी उदाहरणे शिक्षणशास्त्रात फार आहेत, कारण या क्षेत्रात स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे : कुलकर्णी, जोशी, पाटील किंवा शिंदे या आडनावांपुढे एक आद्याक्षर टाकून शोध घेतला, तर कृषी, वैद्यक आणि यंत्र अभियांत्रिकीतले लेखही त्याच नावाखाली येऊन बसतात.

म्हणून संशोधकाबरोबर बसून नावाची सर्व रूपे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि त्याखाली संस्थांची रूपेही लिहावीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला हे नाव २०१४ मध्ये मिळाले. त्याआधीच्या लेखांवर पुणे विद्यापीठ किंवा आणखी जुने पूना विद्यापीठ असे छापलेले असते. महाविद्यालयाच्या नावापुढे कधी शिक्षण मंडळाचे नाव येते, कधी येत नाही. हा कागद जवळ असला की पुढचा शोध पद्धतशीर होतो.

त्याच बैठकीत संशोधकाचा ऑर्किड क्रमांक काढून घ्यावा. २०१२ पासून मिळणारा हा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक मोफत आहे आणि आडनाव बदलले तरी तोच राहतो. त्याशिवाय विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या पोर्टलवरची नोंद पाहावी. तिथली यादी बहुधा कोणीतरी एकदा भरून सोडून दिलेली असते, तेव्हा तिला पुरावा न मानता सुरुवात मानावे.

मग यादी

यादी घरातल्या कपाटापासून सुरू करावी, संगणकापासून नव्हे. एकदा सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापिकांकडे मी याच कामासाठी गेलो होतो. त्यांनी माळ्यावरून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढून दिली. तिच्यात चर्चासत्रांच्या स्मरणिका, सुटे छापील लेख, दोन संपादित ग्रंथ आणि एका त्रैमासिकाचे पिवळे पडलेले अंक होते. स्कोपस या लेख आणि सायटेशन टिपणाऱ्या माहितीकोशात त्यांच्या नावावर तीन लेख होते. पिशवीतून सदतीस निघाले. यातले सगळेच शोधनिबंध नव्हते, परंतु ते ठरवणे हा पुढचा भाग झाला. आधी वस्तू हाती यायला हवी.

एक्सेलमध्ये प्रत्येक लेखाला एक ओळ द्यावी. शीर्षक छापले असेल तसेच्या तसे, त्याच लिपीत लिहावे. त्यापुढे सर्व लेखकांची नावे छापील क्रमाने, नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, अंक, पृष्ठे, नियतकालिकाचा आयएसएसएन किंवा ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक, असल्यास डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक), भाषा आणि प्रकार, हे रकाने पुरतात. प्रकाराच्या रकान्यात हात आखडता घेऊ नये. तज्ज्ञ-परीक्षित शोधनिबंध, ग्रंथ, ग्रंथातले प्रकरण, चर्चासत्रातला निबंध, पाठ्यपुस्तक, प्रशिक्षण-पुस्तिका, भाषांतर, वृत्तपत्रातला लेख, असे स्पष्ट भेद करावेत. वृत्तपत्रातल्या लेखाला शोधनिबंध म्हणून खपवणे चुकीचे आहेच, पण तो यादीतून गाळून टाकणेही चुकीचे आहे. शिक्षक वाचतात ते बहुधा तेच.

ग्रंथांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भौतिकशास्त्रात लेख हेच चलन असते. शिक्षणशास्त्रात ग्रंथ आणि ग्रंथातली प्रकरणे यांचा वाटा मोठा असतो आणि सायटेशन मोजणाऱ्या माहितीकोशांत नेमके तेच कमी टिपले जातात. एका ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या असतील तर ओळ एकच ठेवून आवृत्त्यांची वर्षे शेरा म्हणून लिहावीत.

सायटेशन कुठे पाहायचे

यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला आणि पुढे त्याचा विस्तार होऊन आजचे वेब ऑफ सायन्स उभे राहिले. स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही दोन्ही २००४ ची अपत्ये. तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक नियतकालिकेच घेतात, त्यामुळे त्यांच्यातली नोंद तुलनेने स्वच्छ असते, पण आपल्या क्षेत्रातले बरेच काही बाहेर राहते. गूगल स्कॉलर आंतरजालावर जे विद्वत्तापूर्ण दिसेल ते उचलते. त्यात प्रबंध, अहवाल आणि ग्रंथ येतात, आणि कधी कधी अभ्यासक्रमाची पत्रिकाही येते.

फरक केवढा असतो? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत सुमारे साडेचोवीस लाख सायटेशन तपासली गेली. प्रत्येक विषयगटात गूगल स्कॉलरने ९३ ते ९६ टक्के टिपली होती, स्कोपसने ३५ ते ७७ आणि वेब ऑफ सायन्सने २७ ते ७३. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे या पट्ट्यांच्या खालच्या टोकाकडे होती. आणि ही तुलना गाजलेल्या इंग्रजी लेखांची होती हे विसरू नये. मराठी लेखाची स्थिती काय असेल याची कल्पना यावरून करावी.

व्यवहारात तीनही ठिकाणी पाहावे आणि तीनही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत. त्यांची बेरीज किंवा सरासरी कधीही करू नये, कारण एकच सायटेशन तिन्हीकडे असू शकते. वर्गणी नसलेल्या महाविद्यालयांना स्कोपसच्या मोफत भागात लेखकाचा शोध घेता येतो. विद्यापीठाच्या आवारातल्या जयकर ज्ञानस्रोत केंद्रात जाऊन पाहणे शक्य असेल तर तिथे आधी चौकशी करून अर्धा दिवस काढावा. ओपनॲलेक्स हा २०२२ पासूनचा मुक्त माहितीकोश पडताळणीसाठी बरा पडतो. शिक्षणविषयक साहित्य शोधायला अमेरिकी शिक्षण विभागाचा ‘एरिक’ उत्तम आहे, पण तो लेख शोधण्यासाठी वापरावा. सायटेशन मोजणे हे त्याचे काम नव्हे.

गूगल स्कॉलरवर संशोधकाचे स्वतःचे पान असेल तर दोन गोष्टी लगेच कराव्यात. नवे लेख आपोआप यादीत टाकण्याची सोय बंद करावी, नाहीतर नामसाधर्म्यामुळे कोणाचेही लेख येऊन चिकटतात. मग एकाच लेखाच्या फुटलेल्या नोंदी निवडून त्या एकत्र कराव्यात. स्कोपसमध्ये एका व्यक्तीचे दोन-तीन लेखक-क्रमांक तयार झालेले असतील तर ते जोडण्याची विनंती तिथूनच पाठवता येते. तिचा निकाल यायला वेळ लागतो, म्हणून हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

गणित

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावावेत आणि वरून मोजत यावे. ज्या शेवटच्या क्रमांकापर्यंत सायटेशनची संख्या क्रमांकाइतकी किंवा अधिक राहते, तो एच-इंडेक्स. समजा एका प्राध्यापिकेचे अकरा लेख आहेत आणि त्यांची सायटेशन ३१, १४, ९, ६, ५, ४, २, १, ०, ०, ० अशी आहेत. पाचव्या लेखाला ५ आहेत, सहाव्याला ४ च आहेत. म्हणजे एच-इंडेक्स ५. एकूण सायटेशन ७२, सरासरी साडेसहाच्या आसपास, पण मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या लेखाची संख्या, ४. सरासरी आणि मध्यक यांतली ही तफावत सांगते की निम्म्याहून जास्त भार वरच्या दोन लेखांनी उचलला आहे.

आय-१० इंडेक्स हा गूगल स्कॉलरचा साधा हिशेब आहे : दहा किंवा अधिक सायटेशन मिळालेले लेख किती? इथे दोन. लिओ एगे यांचा २००६ चा जी-इंडेक्स वरच्या लेखांना न्याय देतो. वरचे जास्तीत जास्त किती लेख घेतले तर त्यांच्या सायटेशनची बेरीज लेखांच्या संख्येच्या वर्गाइतकी किंवा अधिक राहते, ते पाहायचे. आपल्या उदाहरणात वरच्या आठ लेखांची बेरीज ७२ आहे आणि आठाचा वर्ग ६४. नऊ घेतले तर बेरीज ७२ च राहते आणि वर्ग ८१ होतो. म्हणून जी-इंडेक्स ८. हे हातानेच करून पाहावे, दहा मिनिटांत होते, आणि मग संगणकाने दिलेल्या आकड्यावर आपला विश्वास डोळस असतो.

आता फुटलेल्या नोंदीची गंमत पाहा. वरचा ३१ सायटेशनचा लेख शीर्षकातल्या एका स्पेलिंगमुळे १९ आणि १२ असा दोन तुकड्यांत पडला असता, तर एकूण ७२ च राहिले असते, एच-इंडेक्स ५ च राहिला असता, पण आय-१० दोनावरून तीनवर गेला असता. फुटलेल्या नोंदीमुळे संशोधकाचे नुकसानच होते असा सर्वसाधारण समज आहे. इथे फुकटचा फायदा झाला असता. नोंदी एकत्र करण्यामागचा हेतू आकडा वाढवण्याचा नसून तो खरा करण्याचा आहे, हे संशोधकालाही समजावून सांगावे लागते.

स्वतःच्या लेखातून स्वतःच्याच जुन्या लेखाचा दाखला देणे यात पाप नाही. चार वर्षे एकाच प्रश्नावर काम करणारा माणूस आपल्या आधीच्या कामाचा उल्लेख करणारच. मात्र मोजताना ते वेगळे काढून दोन्ही आकडे द्यावेत. वरच्या उदाहरणात नऊ स्व-सायटेशन निघाली आणि ती वजा केल्यावर क्रम २९, १३, ९, ५, ४, २, १, ०, ०, ०, ० असा झाला असे धरू. एकूण ६३, एच-इंडेक्स ४. एका अंकाचा हा फरक लहान दिसतो, पण पाचावर एक म्हणजे पाचवा हिस्सा. स्कोपसमध्ये स्व-सायटेशन वगळण्याची सोय आहे. गूगल स्कॉलरमध्ये नाही. तिथे प्रत्येक लेखाच्या सायटेशनच्या दुव्यावर जाऊन दाखला देणाऱ्यांची नावे हाताने तपासावी लागतात. सहलेखकाने दिलेला दाखला स्व-सायटेशन मानायचा की नाही, हे आधी ठरवून कागदावर लिहावे. मी ते मानतो, पण न मानणारेही चुकीचे नाहीत.

कोणाशी तुलना करायची

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो आणि नोंदींची दुरुस्ती सोडली तर कधी घटत नाही. संशोधकाने लिहिणे थांबवले तरी तो वाढू शकतो. त्यामुळे आठ वर्षांच्या आणि अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीचे आकडे शेजारी ठेवणे निरर्थक आहे. हिर्श यांनीच त्यावर एक उतारा सुचवला होता : एच-इंडेक्सला पहिल्या लेखापासूनच्या वर्षांनी भागावे. तोही फार सरळ नाही. मध्ये बालसंगोपनाची वर्षे गेली असतील किंवा पाच वर्षे प्राचार्यपदाच्या कामात गेली असतील, तर तशी टीप भागाकाराच्या खाली लिहावी.

शिक्षणशास्त्राच्या आतही शेजारी सारखे नाहीत. गणित-शिक्षणावर किंवा शैक्षणिक मानसशास्त्रावर लिहिणाऱ्याला जगभरचे वाचक मिळतात. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांच्या प्रशासनावर लिहिणाऱ्याला तितके मिळणार नाहीत, आणि त्याचे काम तितकेच कष्टाचे असू शकते. स्कोपसच्या आकडेवारीत क्षेत्रभारित सायटेशन-प्रभाव नावाचा एक निर्देशांक असतो. त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या आणि त्याच प्रकारच्या प्रकाशनांना सरासरी जेवढी सायटेशन मिळाली त्या तुलनेत आपल्या लेखाला किती मिळाली, हे तो सांगतो. १ म्हणजे सरासरी, १.३ म्हणजे सरासरीपेक्षा तीस टक्के जास्त. कल्पना चांगली आहे. पण ज्याचे स्कोपसमध्ये चारच लेख आहेत त्याच्या बाबतीत एका गाजलेल्या लेखाने हा आकडा आकाशाला भिडतो, म्हणून लेखांची संख्या थोडी असेल तेव्हा तो देऊ नये. मी देत नाही.

नियतकालिकाचा मान आणि लेखाचा मान

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले लेख, एवढाच त्याचा अर्थ. तो क्लॅरिव्हेट ही संस्था दरवर्षी जाहीर करते. एखाद्या संशोधकाच्या सर्व नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणून दाखवणारे अर्ज मी पाहिले आहेत. तशी कोणतीही राशी अस्तित्वात नाही. लेखाचा दर्जा नियतकालिकाच्या आकड्यावरून ठरवू नये, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितले आहे आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांमध्येही आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, असाच सूर आहे. लायडनच्या तत्त्वांमध्ये स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे असेही एक तत्त्व आहे. मराठीत लिहिणाऱ्यांच्या फाईलला ते आवर्जून जोडावे.

पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिके हा आपल्याकडचा जुना आजार आहे. पहिल्या पानावर भलामोठा इम्पॅक्ट फॅक्टर छापलेला असतो आणि तो देणारी संस्था कोण हे कोणाला ठाऊक नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी सुरू केली आणि नियतकालिकांच्या तपासणीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता, त्यामुळे पुण्यातल्या अनेकांना हे काम जवळून दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्यासाठी सूचक निकष दिले. मोजणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की यादी चालू असतानाच्या लेखासमोर ‘प्रकाशनाच्या दिनांकास यादीत समाविष्ट होते’ याचा छापील पुरावा जोडावा आणि नंतरच्या लेखासाठी संपादक मंडळ, परीक्षण-पद्धती, आयएसएसएन यांची स्वतः पडताळणी करून तशी नोंद ठेवावी. नामांकित नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवली जातात, तेव्हा दुवा नव्हे तर आयएसएसएन ताडून पाहावा.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांची गोष्ट वेगळी आहे, ती सायटेशन पाहतच नाही. शिक्षणशास्त्रातल्या एका तज्ज्ञ-परीक्षित लेखाला मूळ १० गुण, लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनपेक्षा अधिक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. चार जणांनी मिळून लिहिलेल्या एका लेखाचे गुण अशा रीतीने ७ अधिक ३ त्रिक ९ म्हणजे १६ होतात. एकट्याने लिहिणाऱ्याला दहाच. नियम तसा आहे, म्हणून हिशेब तसाच करावा, पण तो सायटेशनच्या पानावर आणू नये.

मराठीतली सायटेशन : हाताने मोजणी

या कामातला सर्वांत कष्टाचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हा आहे. मराठी शोधनिबंधाला संगणकावर शून्य सायटेशन दिसतात, आणि त्या शून्याचा अर्थ ‘कोणी वाचले नाही’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात तो अर्थ बहुतेक वेळा ‘यंत्राला वाचता आले नाही’ असा असतो.

कारण तपासायचे असेल तर एखाद्या मराठी त्रैमासिकाची जुनी पीडीएफ उघडावी. पडद्यावर अक्षरे सुरेख देवनागरी दिसतात. त्यातला ‘शिक्षण’ हा शब्द निवडून कोऱ्या पानावर चिकटवावा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरे, डॉलरची खूण आणि कंस यांची खिचडी उमटते. तो मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या टंकात जुळवलेला असतो; डोळ्यांना देवनागरी, यंत्राला निरर्थक. अशा अंकातल्या संदर्भसूचीतले एकही नाव कोणत्याही माहितीकोशाला सापडणे शक्य नसते. बाकीच्या अंकांची निव्वळ छायाचित्रे असतात, आणि उरलेले आंतरजालावर नसतातच.

म्हणून मोजणीचे क्षेत्र आखून घ्यावे. सगळे मोजता येत नाही. थोडे मोजावे, पण पूर्ण मोजावे. मी साधारणपणे दहा वर्षांचा पट्टा घेतो आणि त्यात दोन-तीन नियतकालिके निश्चित करतो. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि पुढे पुण्यात आलेली भारतीय शिक्षण संस्था ‘शिक्षण आणि समाज’ हे त्रैमासिक काढत आली आहे. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ आहे. संशोधकाच्या विषयाप्रमाणे तिसरे निवडावे. प्रत्येक अंकाच्या प्रत्येक लेखाची संदर्भसूची पाहावी, आणि सूची नसेल तर तळटिपाही पाहाव्यात, कारण आपल्याकडे ‘अमुक यांनी म्हटल्याप्रमाणे’ एवढ्यावर भागवण्याची सवय आहे. असे नामोल्लेख वेगळ्या रकान्यात घ्यावेत. लेखाचे शीर्षक किंवा वर्ष दिलेले असेल तरच ते सायटेशन. नुसते नाव असेल तर तो उल्लेख.

दुसरे क्षेत्र शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले प्रबंध. प्रबंधाची विद्युत प्रत देण्याचे बंधन आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने आणले आणि त्यामुळे मराठीतल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांचा मोठा साठा एका जागी आला. सोय अशी की प्रबंध प्रकरणवार ठेवलेला असतो; संदर्भसूचीची फाईल सहसा वेगळी असते, तेवढीच उघडावी. बहुतेक फायली छायाचित्राच्या असतात, त्यामुळे शोधाचे बटण चालत नाही, डोळे चालवावे लागतात. आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने सूची असली तर एका प्रबंधाला दोन-तीन मिनिटे पुरतात. नावाच्या रूपांचा तो पहिला कागद इथे समोर असावा. ‘कु.’ आणि ‘सौ.’ यांखालीही पाहावे.

यातून निघालेली प्रत्येक नोंद पुराव्यासह ठेवावी. दाखला देणाऱ्याचे नाव, लेख किंवा प्रबंध, वर्ष, पृष्ठ आणि त्या पानाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, ज्याच्या फाईलला एक्सेलमधल्या ओळीचाच क्रमांक दिलेला असेल. त्या सदाशिव पेठेतल्या मॅडमच्या बाबतीत असे करताना लक्षात आले की त्यांच्या वाचन-अडचणींवरच्या एका मराठी लेखाचा दाखला प्रबंधांमागून प्रबंधांत येत होता, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी वर्ष एकसारखेच चुकलेले होते. म्हणजे मूळ लेख न पाहता एकाने दुसऱ्याच्या सूचीवरून उतरवून घेतले होते. अशी सायटेशन मोजावीत की नाही? मी मोजली, आणि शेरा लिहिला. उसनी असली तरी ती उपस्थितीची खूण आहे. वाचल्याची खूण मात्र नव्हे.

हाताने मोजलेली सायटेशन स्कोपसच्या किंवा गूगलच्या आकड्यात मिसळून नवा एच-इंडेक्स काढण्याचा मोह टाळावा. त्यांना स्वतंत्र पान द्यावे आणि वर क्षेत्राची मर्यादा लिहावी.

सायटेशनच्या पलीकडचा परिणामही याच फाईलमध्ये, पण वेगळ्या शीर्षकाखाली बसतो. संशोधकाच्या कामाचा उल्लेख शासन निर्णयात, शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत किंवा बी.एड.च्या अभ्यासक्रमातल्या संदर्भग्रंथांत आला असेल तर त्या पानाची प्रत लावावी. पत्रे आणि आभारप्रदर्शने लावू नयेत.

शेवटचे पान

समिती वाचते ते शेवटी एक पान. त्याचा मजकूर साधारण असा असावा : ‘दिनांक अमुक रोजी पाहिल्याप्रमाणे, एकूण प्रकाशने ३७, त्यांपैकी तज्ज्ञ-परीक्षित शोधनिबंध ११, ग्रंथ २, ग्रंथातील प्रकरणे ६, इतर १८. गूगल स्कॉलरनुसार, दुबार नोंदी एकत्र केल्यानंतर, ११ शोधनिबंधांना ७२ सायटेशन, एच-इंडेक्स ५. स्वतःची व सहलेखकांची सायटेशन वगळता ६३ आणि ४. स्कोपसमध्ये ३ लेख. मराठी नियतकालिके व प्रबंधांतील हाताने केलेली मोजणी स्वतंत्र पानावर, क्षेत्र व कालावधी यांच्या नोंदीसह.’ खाली मोजणाऱ्याची सही आणि संशोधकाची सही, दोन्ही असाव्यात. त्याच दिवशी तीनही संकेतस्थळांवरच्या पानांच्या प्रतिमा काढून फाईलला जोडाव्यात आणि एक्सेलच्या फाईलच्या नावात तारीख टाकावी. अर्ज सहा महिने लांबला, जे आपल्याकडे नवीन नाही, तर जुनी फाईल तशीच ठेवून नव्या तारखेची दुसरी करावी. जुन्या आकड्यांवर खाडाखोड करू नये.